दुसरी लेक आणि नाव ‘किरण’? मुलामुलींना दोघांना चालणारं नाव ठेवताना काय बघावं

पुणे : पुण्यातल्या कुठल्याही प्रसूतीच्या दवाखान्याबाहेर तासभर थांबलं, तरी जिल्ह्यातल्या निम्म्या तालुक्यांची माणसं भेटतात. कुणी जुन्नरचं, कुणी पुरंदरचं, कुणी इंदापूर-दौंडकडचं. बाळंतपण शहरात करायचं आणि बारसं गावाकडे, अशी आता बऱ्याच घरांची रीत झाली आहे. बाळ झालं की तिथल्या बाकड्यावरच पहिला विषय निघतो तो नावाचा.

असं एक घर डोळ्यांसमोर आणा. पहिली मुलगी पाच वर्षांची, नाव ज्ञानेश्वरी. आता दुसरीही मुलगीच झाली. बाप म्हणतो, “किरण ठेवू. मुलालाही चालतं, मुलीलाही चालतं.” आजीला ते पटत नाही. “पोरीला पोराचं नाव कशाला?” आत्याने मोबाइलमध्ये पन्नास नावांची यादी काढून ठेवलेली असते. बाळाची आई अंथरुणावर पडून सगळं ऐकते आणि काही बोलत नाही. तिला वेगळीच शंका असते, की हे नाव आवडलं म्हणून ठेवतायत, का मुलगा झाला नाही म्हणून?

ही शंका खोटी म्हणता येत नाही. पण दोघांना चालणारं प्रत्येक नाव त्याच कारणाने ठेवलं जातं, असंही नाही. शिवाय नाव एकदा दाखल्यावर चढलं की शाळा, बँक, सातबारा, सगळीकडे तेच चालतं. म्हणून बारशाआधी या विषयाची नीट माहिती घेतलेली बरी.

हे फॅड शहरातलं नाही

मुलगा-मुलगी दोघांना एकच नाव ठेवणं म्हणजे शहरी किंवा परदेशी फॅशन, असा समज आहे. गावातली जुनी माणसं आठवली तर तो टिकत नाही. हिराजी आणि हिराबाई, माणिकराव आणि माणिकबाई, गुलाबराव आणि गुलाबबाई, भागूजी आणि भागूबाई. मूळ नाव एकच. पुढे ‘राव’ किंवा ‘जी’ लागलं की पुरुष, ‘बाई’ लागलं की स्त्री. म्हणजे बाप्या का बाई हे नावाच्या शेपटावरून कळायचं, मुळावरून नाही.

पुढे शाळेच्या हजेरीत आणि सरकारी कागदांवर ही शेपटं गळत गेली. हिराबाईची हिरा झाली, रतनबाईची रतन झाली. मग उघडं नाव बघून हे पुरुषाचं की बाईचं असा प्रश्न पडू लागला.

अशी नावं साधारण दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार वस्तूंच्या नावांचा: माणिक, हिरा, रतन, कांचन, कमल, किरण. रत्न, सोनं, फूल, उजेड यांवर मुलाचाही हक्क आहे आणि मुलीचाही. दुसरा प्रकार गुणाच्या शब्दांचा: शीतल, नूतन, विमल, मंगल. ही मुळात विशेषणं आहेत. ‘शीतल वारा’ म्हणा, ‘शीतल छाया’ म्हणा, शब्द बदलत नाही. ‘चांगला-चांगली’सारखं त्याचं रूप फिरत नाही, त्यामुळे तो दोघांना बसतो. नवं नाव शोधतानाही हीच खूण उपयोगी पडते. न बदलणारं विशेषण किंवा एखाद्या सुंदर वस्तूचं नाव घेतलं, तर ते बहुधा दोन्हीकडे चालतं.

मग मुलींची नावं ‘आ’ आणि ‘ई’ वरच का संपतात?

आजीचा आक्षेप निघतो तो इथून. मुलीचं नाव म्हटलं की सीता, गीता, सविता, नाहीतर पार्वती, सावित्री. ही रीत फार जुनी आहे. पारस्कर गृह्यसूत्रात नाव ठेवण्याचे नियम सांगितले आहेत. मुलाच्या नावात अक्षरं सम असावीत, दोन किंवा चार. मुलीच्या नावात विषम असावीत आणि शेवट ‘आ’काराने व्हावा, असं ते सांगतं. सविता, अहिल्या, यमुना ही नावं त्या मापात बसतात. सीता आणि गीता मात्र दोनच अक्षरांच्या. म्हणजे रीत असली तरी माणसांनी ती पहिल्यापासून सैल हाताने पाळली आहे.

मराठी भाषेची आणखी एक गंमत आहे. नाव दोघांना चालणारं असलं, तरी बोलताना ते लपत नाही. ‘किरण आली’ म्हटलं की मुलगी, ‘किरण आला’ म्हटलं की मुलगा. क्रियापद लगेच सांगून टाकतं. त्यामुळे गावात, घरात, शाळेत कुणाचा गोंधळ उडत नाही. गोंधळ होतो तो कागदावर, आणि तोही नाव इंग्रजीत लिहिलं की जास्त. त्याबद्दल पुढे.

ही नावं कुणी गाजवली

पुण्यात जन्मलेल्या गायिका माणिक वर्मा आणि कवी ग्रेस यांचं पाळण्यातलं नाव एकच. ग्रेस म्हणजे माणिक सीताराम गोडघाटे. अभिनेत्री सुहास जोशी आणि पुण्यातले राज्यशास्त्राचे अभ्यासक सुहास पळशीकर हेही एकाच नावाने ओळखले जातात. मृणाल म्हटलं की मुंबईत पाण्यासाठी लढलेल्या मृणाल गोरे आठवतात आणि पुण्याच्या अभिनेत्री मृणाल कुलकर्णीही. बंगालमध्ये मात्र मृणाल सेन हे नामवंत चित्रपट दिग्दर्शक. संगीत रंगभूमीवरच्या पुण्याच्या कीर्ती शिलेदार सगळ्यांना माहीत आहेत, आणि १९८३ चा विश्वचषक जिंकलेल्या क्रिकेट संघात कीर्ती आझाद होते.

आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं उदाहरण किरण बेदी यांचं. १९७२ मध्ये भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेल्या त्या पहिल्या महिला अधिकारी. अमृतसरच्या घरातल्या चार बहिणींपैकी त्या दुसऱ्या. थोरल्या बहिणीचं नाव शशी, म्हणजे तेही दोन्हीकडे चालणारं. पहिलीला एक तऱ्हा आणि दुसरीला वेगळी, असं त्या घरात झालं नाही.

प्रांताप्रमाणे नावाचा रोखही बदलतो. ‘कमल’ आणि ‘सुमन’ आपल्याकडे बाईची नावं, उत्तरेत ती पुरुषांचीही असतात. ‘संतोष’ आपल्याकडे पुरुषच, पंजाबात बायकाही. ‘शीतल’ पुण्यात ऐकलं की मुलगी वाटते. सांगली-कोल्हापूरच्या जैन घरांत शीतल नावाचे पुरुष भेटतात, कारण दहावे तीर्थंकर शीतलनाथ. ‘मंगल’ गावात मावशी असते आणि इतिहासाच्या पुस्तकात मंगल पांडे असतात.

खरा प्रश्न : नाव कशासाठी ठेवताय?

बाळाच्या आईच्या मनातली शंका कुठून येते, हे समजायला पुण्यापासून फार लांब जावं लागत नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात दुसऱ्या-तिसऱ्या मुलीचं नाव ‘नकुशी’ किंवा ‘नकोशी’ ठेवण्याची चाल होती. नकोशी म्हणजे नको असलेली. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगाच होतो, असा समज. जिल्हा परिषदेने अशा मुली शोधल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात कार्यक्रम घेऊन २८५ मुलींना नवी नावं दिली. त्यातल्या कित्येक मुली शाळेत जाणाऱ्या होत्या. वर्षानुवर्षं हजेरीत रोज आपलं नाव ‘नको’ असं ऐकत होत्या.

ही चाल एका जिल्ह्यापुरती नाही. हरियाणाची कुस्तीगीर अंतिम पंघाल ही घरातली चौथी मुलगी. आता मुलींचा शेवट व्हावा म्हणून आईबापाने नाव ठेवलं ‘अंतिम’. त्याच मुलीने २०२२ मध्ये वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक आणलं. असं पदक आणणारी ती पहिली भारतीय मुलगी. तिने नावाचं सोनं केलं हे खरं, पण ते ओझं तिला पाळण्यातच मिळालं होतं.

आकडेही हीच गोष्ट सांगतात. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४ झाल्या. गर्भलिंग तपासणीवर आपल्या राज्याने १९८८ मध्येच कायदा केला होता, देशाचा कायदा १९९४ चा. तरीही आकडा घसरला.

‘किरण’ आणि ‘नकोशी’ ही एका तागडीत घालायची नावं नाहीत. किरण हे सुंदर नाव आहे. पण मुलगा झाला नाही, निदान नाव तरी मुलासारखं असू दे, या विचारातून ते आलं असेल, तर ती त्याच जुन्या दुखण्याची सौम्य बाजू म्हणावी लागेल. मुलगी मोठी झाल्यावर ‘माझं नाव असं का?’ हे विचारतेच. त्या वेळी आईबापाकडे सांगण्यासारखं उत्तर हवं.

हे तपासायला एक साधा प्रश्न पुरेसा आहे. पहिली मुलगी झाली तेव्हा हे नाव सुचलं असतं, तर तिला ठेवलं असतं का? ‘हो’ म्हणत असाल तर बिनधास्त ठेवा. ‘नाही, तेव्हा मुलीचंच नाव हवं होतं’ असं उत्तर येत असेल, तर घरात एकदा बसून बोला. आणि त्या बैठकीत बाळाच्या आईला आधी बोलू द्या.

चांगली कारणंही भरपूर आहेत. आपल्याकडे मुलगा की मुलगी हे जन्माआधी सांगायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे पोटातल्या बाळाला आधीच नाव ठरवून हाक मारायची असेल, तर दोन्हीकडे चालणारंच नाव सोयीचं पडतं. काही घरांत आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव पुढे न्यायचं असतं, आणि ते माणिक किंवा रतन असेल तर नातीलाही जसंच्या तसं देता येतं. वंशाचं नाव मुलाकडूनच चालतं, या समजुतीला हे परस्पर उत्तर आहे.

थोरल्या बहिणीचा विचार

बारशात सगळ्यांचं लक्ष पाळण्याकडे असतं, थोरली कोपऱ्यात उभी असते. तिचं नाव ज्ञानेश्वरी आणि बहिणीचं किरण, तर लहानपणी तिला काही वाटणार नाही. पण पाहुणेमंडळी बोलतात. “धाकटी काय, आमचा मुलगाच आहे!” हे वाक्य धाकटीच्या कौतुकाचं वाटतं, आणि त्याच वेळी थोरलीला कमी लेखतं. नावामुळे अशा बोलण्याला आयतं निमित्त मिळतं. म्हणून काही गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट, दोन नावांना एकत्र बांधणारं काहीतरी असू द्या. ते यमकच पाहिजे असं नाही. अर्थ जुळला तरी चालतो. थोरली ज्योती असेल तर धाकटी किरण, दोन्ही उजेडाची. थोरली सुवर्णा असेल तर धाकटी कांचन, दोन्ही सोन्याची.

दुसरी गोष्ट, हाकेला वेगळी नावं घ्या. शीतल आणि स्नेहल कानाला गोड वाटतात, पण विहिरीवरून घराकडे हाक मारली की दोघी येतात, नाहीतर एकही येत नाही.

तिसरी गोष्ट, आद्याक्षर शक्यतो वेगळं असावं. वडिलांचं नाव आणि आडनाव एकच असतं. त्यात पहिलं अक्षरही एकच आलं, तर शाळेचे निकाल, टपाल, बँकेची पासबुकं यांत दोघींची अदलाबदल होते.

चौथी गोष्ट, थोरलीला विचारा. दोन-तीन नावं आईबापाने निवडावीत आणि त्यातलं एक तिने सांगावं. बाळाच्या कानात नाव आत्याच सांगणार, तो मान तिचाच. पण नाव मी निवडलं, हे थोरली जन्मभर सांगत राहील.

कागदावरची खबरदारी

दोन्हीकडे चालणाऱ्या नावात खरी अडचण येते ती इथे.

*नोंद कुठे होते?* जन्म जिथे झाला तिथे. घर इंदापूरला आणि बाळंतपण पुणे महापालिकेच्या हद्दीत, तर जन्माची नोंद पुण्यात. गावच्या ग्रामपंचायतीत ती मिळणार नाही. दवाखाना पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत असेल तर ती महापालिका वेगळी. म्हणून घरी सोडतानाच दवाखान्यात विचारून घ्या की नोंद कुठल्या कार्यालयात पाठवली. नोंदीची मुदत २१ दिवसांची आहे.

*नाव लगेच द्यावं लागतं का?* नाही. नावाशिवायही जन्माची नोंद होते. नोंद झाल्यापासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे दवाखान्यातल्या फॉर्मवर घाईने काहीतरी लिहून देण्याची गरज नाही. घरात एकमत होऊ द्या. मात्र फार लांबवूही नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा प्रवेश, आधार, मतदार यादी, वाहन परवाना, सरकारी नोकरी यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो.

*लिंगाचा रकाना.* दाखला हातात आला की नावाआधी हा रकाना वाचा. ही माहिती दवाखान्याच्या फॉर्मवरून येते, पण पुढे ठिकठिकाणी माणसं नाव बघून अंदाज करतात. ‘किरण’, ‘हर्षल’, ‘सुहास’ दिसलं की हात ‘पुरुष’वर जाऊ शकतो. जन्मदाखला, अंगणवाडीची नोंद, आधार, रेशनकार्ड, शाळेचं रजिस्टर, प्रत्येक ठिकाणी ‘स्त्री’ लिहिलंय ना, हे तिथल्या तिथे बघा. आधारवर लिंगाची दुरुस्ती एकदाच करून मिळते, हे ध्यानात ठेवा.

*पैशाचा संबंध.* दुसऱ्या मुलीसाठी योजना आहेत आणि त्या मुलीसाठीच आहेत. ‘लेक लाडकी’ योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डाच्या घरातल्या मुलीला जन्मावेळी ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. घरातल्या दोन मुलींपर्यंत लाभ आहे. दुसऱ्या अपत्याच्या वेळी कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र लागतं. उत्पन्नाची अट आहे, अर्ज अंगणवाडी सेविकेकडे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दुसरं अपत्य मुलगी असेल तर आईला ६,००० रुपये आहेत. सुकन्या समृद्धी खातं दहा वर्षांच्या आतल्या मुलीचं निघतं, साधारणपणे घरातल्या दोघींचं. या सगळ्यांत एका कागदावर चुकून ‘पुरुष’ पडलं तर अर्ज अडकतो.

*आईचं नाव.* राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. फॉर्म भरताना हा क्रम आणि आईच्या नावाचं स्पेलिंग जपा.

*इंग्रजी स्पेलिंग.* शीतल, मृणाल, कीर्ती ही नावं इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. एक तऱ्हा पक्की करा, कागदावर लिहून घरात ठेवा आणि सगळीकडे तीच वापरा.

*जमीन.* २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. महाराष्ट्राने तो बदल १९९४ मध्येच केला होता. वारसनोंदीत नुसतं नाव वाचून मुलगा की मुलगी कळणार नाही, म्हणून नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’ असं स्पष्ट लिहायला लावा. हक्क दोघींचा सारखाच आहे. नावावरून घोळ नको, एवढंच.

थोडक्यात निवड करताना

स्नेहल, शीतल, नूतन, कांचन ही नावं पुणे भागात ऐकताच मुलीची वाटतात, कागदावर त्रास कमी. किरण आणि मृणाल मधोमध. सुहास, हर्षल, माणिक मुलाकडे झुकतात. ठेवायला हरकत नाही, पण लिंगाचा रकाना दर वेळी तपासायची तयारी ठेवा. अर्थ सांगता येईल असं नाव घ्या, कारण मुलगी तो विचारणार आहे.

पूर्वी लग्नात मुलीचं नाव बदलायचे. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाईही माहेरच्या यमुना. आता दाखल्यापासून पदवीपर्यंत सगळं एकाच नावावर असल्याने फारसं कुणी ते करत नाही. आईबापाने ठेवलेलं नाव मुलीला शेवटपर्यंत पुरतं.

बारशाच्या दिवशी पाळण्याशी आजी असेल, आत्या असेल, गावातल्या बायका घुगऱ्या घेऊन जातील. ‘मुलाचं नाव का ठेवलंत?’ असं कुणी विचारलंच, तर ‘हे तिचं नाव आहे’ एवढं सांगायला पुरे. आणि दुसऱ्या दिवशी दाखल्याची झेरॉक्स काढून, रकाना तपासून, फाइलला लावून ठेवा.